जुना कोड, नवी भाषा आणि आपला अनुशेष

संगणकाच्या धंद्यात जात नसते, तेथे फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्या मुलामुलींना कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून ऐकवले जाते. असे सांगणाऱ्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर वाचावा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक होता तो केवळ नावाचा. दलित नावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे कमी आले. गुणवत्तेचा महिमा तो हा!

पण आजचा विषय कंपनीच्या दारातला नाही, दारातून आत गेल्यानंतरचा आहे. आतही एक उतरंड आहे. नवे सॉफ्टवेअर रचणारा वरचा, जुने सॉफ्टवेअर सांभाळणारा खालचा. एकाला 'डेव्हलपर' म्हणून मान. दुसऱ्याच्या वाट्याला 'सपोर्ट', रात्रपाळी आणि मध्यरात्री वाजणारा फोन. काम अडले तर दोष याचा, चालू राहिले तर नाव कोणाचेच नाही. घाण उपसणारा हलका आणि उपदेश करणारा थोर, ही या देशाची जुनीच खोड आहे. ती संगणकापाशी येऊन थांबेल असे समजण्याचे कारण नाही.

नागपुरात मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची कार्यालये आहेत, परसोडीचे आयटी पार्क आहे. इंदोरा, पाचपावली, रामबाग, कामठी येथील मुले-मुली आता तेथे कामाला जातात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला जुन्या कोडची देखभाल आली आहे, तर अनेकांच्या हाती फक्त नव्या भाषेचे प्रमाणपत्र आहे. पहिल्याला वाटते, आपण मागे पडलो. दुसऱ्याला वाटते, आपण पुढे आहोत. दोघांचेही अर्धेच खरे आहे. नोकरी टिकते ती जुने आणि नवे जेथे एकत्र येतात त्या सांध्यावर, आणि तो सांधा सांभाळणारी माणसे कमी आहेत.

हा जुना कोड म्हणजे आहे तरी काय? १९५९ साली अमेरिकेत सरकार, उद्योग आणि संगणक कंपन्या यांची माणसे एकत्र बसली आणि त्यांनी व्यापारी हिशेबासाठी कोबोल नावाची भाषा ठरवली. ग्रेस हॉपर या नौदलातील विदुषीच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा ठसा आहे. पगार, व्याज, विम्याचा हप्ता, निवृत्तिवेतन यांचे हिशेब साध्या इंग्रजी वाक्यांसारखे लिहिता यावेत, हा तिचा उद्देश. १९६४ साली आयबीएमने सिस्टीम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली आणि मेनफ्रेम म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांवर ही भाषा रुजली. आज साठ वर्षे उलटली तरी जगातील मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या पोटात ती चालूच आहे. कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन केले. बेकारभत्त्याचे लाखो अर्ज आले होते आणि ते हाताळणारी यंत्रणा जुन्या कोडवर उभी होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात बेकाराच्या हाती पैसा पडायचा की नाही, हे त्या दिवसांत जुनी भाषा वाचणाऱ्या मूठभर माणसांवर येऊन ठेपले होते.

आपल्याकडचे उदाहरण रोजच्या पाहण्यातले आहे. रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण सीएमसी या सरकारी कंपनीने १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू केले. पुढे 'क्रिस' या रेल्वेच्या संस्थेने देशभरची केंद्रे जोडणारी 'कॉन्सर्ट' ही प्रणाली उभारली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीचे संकेतस्थळ आले, नंतर मोबाइलवरचे अ‍ॅप आले. प्रवाशाला वाटले, सगळेच नवे झाले. प्रत्यक्षात नवा दर्शनी भाग पुढे आणि आरक्षणाची जुनी प्रणाली मागे, अशी जोडी वर्षानुवर्षे काम करत आली. मागच्या बाजूची यंत्रणा २०१० साली बसवलेली असून इटेनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस यांवर चालते, असे रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. इंटेलने इटेनियमचा पुरवठा २०२१ मध्येच थांबवला होता. मग ती बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो अनुयायांपैकी ज्याने मोबाइलवर तिकीट काढले, त्याच्या तिकिटामागेही जुन्या-नव्याचा हा संसार आहे.

विदर्भातील छोट्या कार्यालयांत मेनफ्रेम नव्हता. तेथला जुना कोड म्हणजे फॉक्सप्रो आणि व्हिज्युअल बेसिक. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ ची, तिचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये काढून घेतला. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा आधार २०१५ मध्ये संपला. तरीही एखाद्या पतसंस्थेत, अडत दुकानात, शाळेच्या कार्यालयात कोपऱ्यातल्या संगणकावर तो जुना पडदा अजून उघडतो आणि खातेदाराचे व्याज त्यातूनच निघते.

मग हे जुने टाकून का देत नाहीत? कारण कामाचे नियम कागदावर राहिलेले नाहीत, ते प्रोग्रामच्या ओळीत जाऊन बसले आहेत. कोणत्या कर्जाचे व्याज कोणत्या तारखेपासून बदलले, कोणत्या खातेदाराला कोणती सवलत लागू झाली, रक्कम वरच्या रुपयात धरायची की खालच्या, याची फाइल हरवली आहे, साहेब निवृत्त झाले आहेत, पण प्रोग्राम रोज रात्री तो नियम पाळतो. तो न वाचता फेकला तर नियमही फेकला जातो. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळे खातेदार एकदम नव्या प्रणालीवर हलवले आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. पैसा असलेल्या बँकेची ही गत, तर पतसंस्थेचे काय? आणि पतसंस्थेत ठेव कोणाची असते? कष्टकऱ्याची.

म्हणून जगभर मधला मार्ग काढला जातो. जुने चालू ठेवायचे, त्याच्या शेजारी नव्या भाषेत नवे काम उभे करायचे, दोघांत देवाणघेवाण घडवायची आणि एकेक खाते तपासून नव्याकडे न्यायचे. हे काम करणारा माणूस दुभाष्या असतो. त्याला जुने वाचता आले पाहिजे आणि नवे लिहिता आले पाहिजे. हे काय प्रकरण आहे, ते चळवळीच्या वाचकाला कळावे म्हणून दोन-तीन गोष्टी सांगणे भाग आहे.

कोबोलच्या फाइलमध्ये रकमेतला दशांश बिंदू बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो, तो फक्त मानलेला असतो. 'पाच आकडे रुपये, दोन आकडे पैसे' अशी चौकट ठरली असेल तर १२५ रुपये ५० पैसे ही रक्कम ००१२५५० अशी पडते. कॉपीबुक नावाच्या नोंदीच्या नकाशात ही चौकट दिलेली असते. तो नकाशा न वाचता नव्या भाषेत फाइल उघडणारा या रकमेचे १२,५५० रुपये करून मोकळा होतो. दुसरी गोष्ट अक्षरांची. आयबीएमच्या मेनफ्रेमवर इंग्रजी 'ए' या मोठ्या अक्षराचा क्रमांक १९३, तर आपल्या नेहमीच्या संगणकावर ६५. रूपांतर केले नाही तर नावाचा चिखल होतो. तिसरी गोष्ट पैशांची. नव्या भाषांतल्या नेहमीच्या दशांश प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी दूरच्या स्थानावर एक ४ शिल्लक उरतो. एका खात्यात तो दिसत नाही, लाखो खात्यांत ताळमेळ बिघडवतो. म्हणून पैशांसाठी जावात 'बिगडेसिमल' आणि पायथनमध्ये 'डेसिमल' हे प्रकार वापरतात. जुन्या कोबोलला दशांश हिशेब जन्मतःच येत होता, नव्याला तो मुद्दाम सांगावा लागतो. नवे म्हणजे सर्वच बाबतींत शहाणे, हा भ्रम येथे गळून पडतो.

मराठीची तर खास अडचण आहे. एकेकाळी मराठी मजकूर आणि नोंदी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये भरल्या जात. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली, पण कार्यालयांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षे ज्याचा त्याचा फॉन्ट चालला. त्यात भरलेले नाव आजच्या संगणकावर उघडले तर 'भीमराव'च्या जागी इंग्रजी चिन्हांचा गुंता दिसतो. आंबेडकरी चळवळीची किती पुस्तके, किती विशेषांक, किती संस्थांच्या सभासद याद्या अशा फॉन्टमध्ये अडकून पडल्या असतील? पायथन बऱ्यापैकी जाणणारी मुलगी आणि तो फॉन्ट जाणणारा जुना डीटीपी ऑपरेटर शेजारी बसले तर त्या युनिकोडमध्ये येऊ शकतात. कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. शिकण्याचे शिकणे आणि चळवळीचे काम!

आता नोकरीचा हिशेब मांडू. १९९९ साली 'वायटूके'ची लाट आली होती. जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे लिहिलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच घोटाळा होईल, या भीतीने कोबोलची माणसे हवी झाली. क्लासेस निघाले, फी भरली गेली. १ जानेवारी २००० उजाडला आणि ती तातडी ओसरली. ज्यांनी फक्त आज्ञा पाठ केल्या होत्या ते पुन्हा रांगेत आले. ज्यांनी त्या कोडमधून बँक कशी चालते, विमा कसा चालतो हे समजून घेतले आणि पुढची भाषा उचलली, त्यांचा रस्ता मोकळा राहिला. त्याच धड्याची दुसरी बाजू जुलै २०२५ मध्ये दिसली. टीसीएसने १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्याचा भर मधल्या व वरच्या पायरीवर राहील असे सांगितले. चाळिशीतला माणूस, घराचे कर्ज, मुलांची फी, आणि पंधरा वर्षे एकाच जुन्या प्रोग्रामची देखभाल. अशा माणसाला 'तुमचे कौशल्य कालबाह्य झाले' असे सांगणे व्यवस्थापनाला सर्वांत सोपे जाते. खासगी कंपनीत ना आरक्षण, ना बढतीचे रोस्टर, ना दाद मागण्याची धड जागा. म्हणूनच नवी भाषा शिकणे हा हौसेचा मामला नाही, तो संरक्षणाचा मामला आहे.

कोणती भाषा शिकायची? क्लासवाला जी विकतो ती नव्हे, शेजारी असलेल्या जुन्या कोडला जी जोडून घेता येते ती. सर्वांत आधी एसक्यूएल, कारण जुना असो वा नवा, बहुतेक हिशेब शेवटी तक्त्यांत येऊन बसतो. त्यानंतर एकच भाषा धरावी. बँक-विम्याच्या मेनफ्रेमजवळ असाल तर जावा. ती मेनफ्रेमवरही चालते. व्हिज्युअल बेसिक वा फॉक्सप्रोच्या कार्यालयात असाल तर सी शार्प. फाइलींची तपासणी आणि रूपांतर करायचे असेल तर पायथन. आणि पहिला धडा चकचकीत अ‍ॅपचा नसावा, ताळमेळाचा असावा. जुन्या प्रोग्रामची एक फाइल घ्या, नव्या भाषेत वाचा, बेरीज करा, जुन्याच्या बेरजेशी पैशापैशाने जुळवा. जुळली नाही तर का जुळली नाही ते शोधा. त्या शोधात जे शिकायला मिळते ते लाखभर रुपयांच्या क्लासात मिळेलच असे नाही. एक पथ्य मात्र पाळावे. कंपनीची वा खातेदारांची खरी माहिती घरी आणू नये, नमुन्याची माहिती स्वतः तयार करावी.

काही मंडळी म्हणतील, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, जुना कोड यंत्रच भाषांतर करील. आयबीएमने ऑगस्ट २०२३ मध्ये कोबोलचे जावात रूपांतर करण्यास मदत करणारे साधन जाहीर केले, हे खरे आहे. अशी साधने वाढत जाणार, हेही खरे. पण भाषांतर बरोबर झाले हे कोण सांगणार? व्याजाचा नियम योग्य उतरला की नाही, याची जबाबदारी यंत्र घेत नाही. ओळीचे भाषांतर यंत्र करील, सही माणसाला करावी लागेल. जो दोन्ही बाजू वाचू शकतो त्याच्या सहीला किंमत राहील. जो एकच बाजू घोकून बसला आहे त्याचे काम यंत्र आधी घेईल. बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. ती येथेही जशीच्या तशी लागू पडते.

जुन्या-नव्याचा हा प्रश्न आंबेडकरी माणसाला नवा वाटण्याचे कारणच नाही. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, तेव्हा बाबासाहेबांपुढे ब्रिटिश काळातील कायद्यांचा डोंगर होता. कलम ३९५ ने १९३५ चा कायदा रद्द केला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तेथे थांबणे नाही, मुदत नाही. पण कलम ३७२ ने इतर जुने कायदे, सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत, चालू ठेवले, आणि कलम १३ ने कसोटी दिली: मूलभूत हक्कांशी जेवढे विसंगत असेल तेवढे त्या मर्यादेत रद्द. १८६० ची दंडसंहिता ३० जून २०२४ पर्यंत चालली ती या व्यवस्थेमुळे. काय त्याच दिवशी मोडायचे, काय पर्याय उभा होईपर्यंत चालवायचे आणि हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. ज्याने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, त्याच माणसाने ही व्यवस्था उभारली. जाळण्याजोगे काय आणि सांभाळून बदलण्याजोगे काय, हा विवेक ज्यांच्या वारशात आहे, त्यांनी जुन्या कोडपुढे गांगरून जावे हे शोभत नाही.

आणखी एक इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तेथेच अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धागा तोंडाला लावावा लागे, त्याने विटाळ होतो, हे कारण! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कोणत्या खात्यात कोणाला बसवले जाते यावर पिढ्यांची मजुरी ठरते, हे त्यांनी ओळखले होते. नागपुरात १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडली तेव्हा तेथील कामगारांना दुसरे खाते ठाऊक नव्हते. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. संगणकाची गिरणी वातानुकूलित आहे एवढाच फरक.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. नागपुरातील अनेक बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. त्यांपैकी काहींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी हा अभ्यासगट सुरू करावा. आरक्षणामुळे आपली पहिली पिढी आयुर्विमा महामंडळ, राष्ट्रीयीकृत बँका, रेल्वे, महालेखाकार कार्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्स येथे पोहोचली. त्यांतील काही जण संगणक विभागात बसले. ती माणसे आता निवृत्त होत आहेत. हिशेब कसा चालतो हे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या पिढीला भाषा येते, हिशेब येत नाही. काकांनी नियम समजावून सांगावा, मुलीने तो पायथनमध्ये लिहावा आणि दोघांनी मिळून ताळमेळ लावावा. खर्च फारसा नाही. जीएनयू कोबोल आणि पायथन फुकट मिळतात. लिनक्स फाउंडेशनच्या ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टने २०२० पासून कोबोलचा अभ्यासक्रम विनामूल्य ठेवला आहे. हवे आहेत ते दोन-तीन वापरलेले संगणक आणि नियमाने येणारी माणसे. बार्टीने बँक, रेल्वे, स्पर्धा परीक्षा यांच्या प्रशिक्षणाबरोबर असा एक अभ्यासक्रम नागपुरात चालवावा, ही मागणीही संघटनांनी लावून धरली पाहिजे.

शिकणे हा हक्काला पर्याय नाही, हे मात्र विसरता कामा नये. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे, ही मागणी एक इंचही मागे घ्यायची नाही. उद्या ते मिळाले तरी कोणत्या खात्यात बसायचे हा प्रश्न उरणारच, आणि तो कौशल्याने सोडवावा लागेल. विदर्भाला अनुशेष हा शब्द सांगावा लागत नाही, मागासवर्गीय नोकरदारालाही नाही. सिंचनाचा अनुशेष सरकारने भरायचा, रिक्त पदांचा अनुशेषही सरकारने भरायचा. ज्ञानाचा अनुशेष भरण्यासाठी मात्र सरकारची वाट पाहिली तर आणखी एक पिढी सपोर्टच्या रात्रपाळीत जाईल.

जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला जी त्रिसूत्री दिली, तिचा पहिला शब्द शिक्षणाचा आहे. तो केवळ पदवीपुरता नव्हता. तेव्हा येत्या रविवारी विहाराच्या अभ्यासिकेत एक संगणक ठेवा, एका निवृत्त काकांना आणि एका शिकणाऱ्या मुलीला बोलवा आणि सुरुवात करा.